बर्फाचा पट्टा दिसतो की कळतो?

रडारच्या पडद्यावर सरकत येणारा बर्फाचा पट्टा पाहून येऊ घातलेल्या हिमवृष्टीचे जे ज्ञान होते, ते प्रत्यक्ष म्हणायचे की अनुमान? भारतीय दर्शनांनी ज्ञानाच्या साधनांना प्रमाणे म्हटले आणि त्यांची संख्या, लक्षणे व मर्यादा यांवर शतकानुशतके वाद घातला. त्या वादात पाऊस वारंवार येतो. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन अनुमानाचे प्रकार सांगतो, तेव्हा पहिले उदाहरण आभाळात चढलेल्या ढगांचे आहे. ढगांवरून पाऊस पडेल असे जाणणे हे पूर्ववत् अनुमान; ते कारणावरून कार्याकडे जाते. नदीचा पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे जाणणे हे शेषवत्. ते कार्यावरून कारणाकडे जाते. रडारच्या चित्रात हे दोन्ही प्रकार एकावर एक रचलेले असतात. परतलेल्या लहरींवरून आकाशात बर्फ आहे असे ठरवणे ही पहिली पायरी, आणि तो बर्फ अमुक वेळी अमुक गावावर पडेल असे म्हणणे ही दुसरी. चित्र पाहणाऱ्याला मात्र यातली एकही पायरी जाणवत नाही. त्याला वाटते, आपण बर्फच पाहतो आहोत.

अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेले बफेलो शहर या प्रश्नासाठी फार सोयीचे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि त्यावरून कॅनडाकडची कोरडी, थंड हवा वाहू लागते. पाण्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक फरक पडला की हवा वाफ आणि ऊब घेत वेगाने वर चढते आणि ढग तयार होतात. वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे सरोवराच्या सुमारे ३९० किलोमीटर लांबीला धरून वाहत असेल, तर हे ढग एका लांब, चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात. या पट्ट्याची कड विलक्षण धारदार असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत दीड मीटरहून अधिक बर्फ साचला आणि त्याच वेळी थोड्याच अंतरावर उत्तरेकडे काही सेंटीमीटरच पडला. अशा ठिकाणी पट्टा दहा किलोमीटर इकडे की तिकडे, यावर सगळे अवलंबून असते. ज्ञानातली चूक लपून राहत नाही.

रडारचे ज्ञान प्रत्यक्ष आहे, असे म्हणणाऱ्याला न्यायदर्शनातच एक अनपेक्षित आधार सापडतो. नैयायिकांच्या मते डोळा प्राप्यकारी आहे. डोळ्यातून तेजाचा किरण बाहेर निघतो, वस्तूला जाऊन भिडतो आणि त्या संनिकर्षातून ज्ञान होते. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे चमकणारे डोळे हा त्यासाठी दिलेला पुरावा. बौद्धांनी हे मत नाकारले, आणि माणसाच्या डोळ्यापुरते बौद्धांचे म्हणणे खरे ठरले. पण नैयायिकांनी वर्णिलेला डोळा पुढे खरोखरच तयार झाला, तो म्हणजे रडार. बफेलोच्या विमानतळावरील रडार सुमारे दहा सेंटीमीटर लांबीच्या लहरींचे स्पंद सोडते. ते बर्फाच्या कणांना भिडतात आणि त्यांच्या ऊर्जेचा अत्यल्प अंश परत येतो. दीडशे किलोमीटर जाऊन परतायला एक सहस्रांश सेकंद लागतो.

तरीही हे प्रत्यक्ष नव्हे. संनिकर्ष होतो तो यंत्राचा, आणि यंत्राला कळतात फक्त तीन-चार गोष्टी: लहर कोणत्या दिशेला सोडली, किती वेळाने परतली, किती जोमाने परतली आणि तिची कंपनसंख्या किती बदलली. वेळेवरून अंतर काढले जाते, जोमावरून कणांचा आकार व संख्या, कंपनसंख्येतील फरकावरून वेग. तोही फक्त रडारकडे येण्याचा किंवा त्यापासून दूर जाण्याचा, आडव्या चालीचा नाही. यातली प्रत्येक गोष्ट व्याप्तीवर, म्हणजे अमुक असेल तेथे तमुक असतेच या संबंधावर उभी आहे. पडद्यावरचा निळा-हिरवा रंग या अनुमानांच्या साखळीची शेवटची कडी आहे. तो रंग डोळ्याला प्रत्यक्ष दिसतो. बर्फ दिसत नाही.

अनुमान म्हटले की हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान केले ती खूण, सदोष असण्याची शक्यता आलीच. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक पूर्वपक्ष नेमका हाच आक्षेप घेतो. नदी फुगते ती पावसानेच असे नाही, बांध घातल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन धावतात ते पाऊस येणार म्हणूनच नव्हे, कुणी वारूळ मोडले म्हणूनही. मोराची केका ऐकू येते ती एखाद्या माणसाने केलेली नक्कलही असू शकते. मग अनुमानाला प्रमाण का मानावे? रडारविषयी हाच आक्षेप आजच्या भाषेत मांडता येतो. परतलेली लहर बर्फावरूनच आली कशावरून? पक्ष्यांचे थवे, किडे, पवनचक्क्या, टेकड्या या सर्वांवरून ती परतते. हवेचे थर विशिष्ट रीतीने रचलेले असले की लहर खाली वाकून जमिनीलाच भिडते आणि निरभ्र आकाशात पाऊस दिसू लागतो. वितळू लागलेल्या हिमकणांवर पाण्याचे आवरण चढते आणि ते एरवीपेक्षा कितीतरी अधिक लहरी परतवतात. तेथे पडद्यावर जोरदार वृष्टी दिसते आणि जमिनीवर बेताचीच असते. कधी कण खरोखर हिमाचेच असतात, पण खालची हवा कोरडी असल्याने ते जमिनीवर पोहोचण्याआधीच विरून जातात. (दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधणाऱ्यांना पावसाच्या खुणा म्हणजे नसता अडथळा वाटत होत्या. हवामानाचे रडार जन्मले ते त्याच अडथळ्यातून. एकाचा हेत्वाभास तो दुसऱ्याचा हेतू.)

सूत्रकारांचे उत्तर आजही पुरेसे आहे. बांधामुळे फुगलेली नदी आणि पुराची नदी सारखी नसते. पुराच्या नदीला ओढ असते, फेस असतो, तिच्यातून फळे, पाने, लाकडे वाहत येतात. ही विशेष लक्षणे न पाहता नुसत्या फुगवट्यावरून जो पाऊस ठरवतो, त्याचा अपराध त्याच्या माथी, अनुमानाच्या नव्हे, असे भाष्यकार बजावतो. हवामानशास्त्राने पुढे जे केले त्याला फेस आणि पाने शोधणे म्हणता येईल. २०११ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या रडारजाळ्यात द्विध्रुवण तंत्र बसवले गेले. लहर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांत सोडली की परतलेल्या दोन लहरींची तुलना करता येते. एकाच प्रकारच्या कणांवरून आलेल्या दोन्ही लहरी जवळपास तंतोतंत जुळतात; वितळता बर्फ, पक्षी किंवा उडता कचरा असेल तर जुळणी ढासळते. हेतू तोच राहिला, पण तो विशेषणांनी आवळला गेला आणि व्यभिचाराला, म्हणजे हेतू असूनही साध्य नसण्याला, जागा कमी उरली.

बर्फ किती, हा प्रश्न याहून अवघड आहे. लहरी परतवण्याची कणाची क्षमता त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते. व्यास दुप्पट झाला तर क्षमता चौसष्टपट. त्यामुळे मोजकेच मोठे कण असंख्य बारीक कणांना झाकून टाकतात. शिवाय बर्फाची परतवण्याची क्षमता तेवढ्याच पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी असते. मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या आकारवितरणावर आधारलेले पावसाचे सूत्र बर्फाला जसेच्या तसे लावता येत नाही. पावसासाठी सिद्ध झालेली व्याप्ती बर्फावर नेणे म्हणजे उपाधीकडे, म्हणजे ज्या अटीवर व्याप्ती टिकते तिच्याकडे, दुर्लक्ष करणे. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणणारा ओल्या सरपणाची उपाधी विसरतो, तसाच हा प्रकार.

पडदा कोरा असेल तेव्हा काय, या प्रश्नाकडे सामान्य पाहणारा वळतच नाही. खरा धोका मात्र तेथेच आहे. कुमारिल भट्टाचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती यांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले. घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्यांनी एक अट घातली: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी योग्यता हवी. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणे हा घट नसल्याचा पुरावा नाही. रडारचा सर्वांत खालचा किरणदेखील सहसा क्षितिजापासून अर्धा अंश वर उचललेला असतो आणि पृथ्वीची वक्रता त्यात भर घालते. शंभर किलोमीटरवर त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, दीडशे किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्याही वर. सरोवरामुळे पडणाऱ्या बर्फाचे ढग बुटके असतात. पुष्कळदा त्यांचा माथाच दोन-तीन किलोमीटरवर संपतो. किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो आणि खाली गाव बर्फात बुडत असताना पडदा स्वच्छ राहतो. हिमालयात किरण डोंगरांना अडतो आणि त्यांच्यामागच्या खोऱ्यांत काय चालले आहे ते दिसत नाही. कुफ्री, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी अशा उंच ठिकाणी भारतीय हवामान विभागाने रडार बसवली, त्यामागे ही अडचण आहे. दूरच्या कोऱ्या भागाला ‘तेथे बर्फ नाही’ असे म्हणणारा योग्यतेची अट मोडत असतो.

आता दुसरी पायरी. पट्टा सरकतो आहे, म्हणजे नेमके काय सरकते आहे? रडारची तबकडी फिरत फिरत चोहोबाजूंचे क्षण गोळा करते, त्यांचे एक चित्र बनते, आणि काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली अशी चित्रे लागोपाठ दाखवली की गती दिसते. गौडपादाच्या कारिकांत फिरत्या कोलितामुळे दिसणाऱ्या अग्निवर्तुळाचा दृष्टांत आहे. रडारवरची गती त्याच जातीची आहे. शिवाय पट्ट्यातले कण एकसारखे बदलत असतात. सरोवरावर नवे जन्मतात, वाऱ्याबरोबर पट्ट्याच्या लांबीने वाहत जातात आणि किनाऱ्यापलीकडे पडून संपतात. पट्टा मात्र तासन् तास एका जागी उभा राहतो, किंवा वाऱ्याची दिशा बदलली की आडवा झुलतो. कण एका दिशेने जातात, पट्टा दुसऱ्या. अवयवांहून, म्हणजे भागांहून, वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरा असतो, असे नैयायिक म्हणतात. बौद्धांना तो कल्पनेने लावलेला एक ठसा वाटतो, आणि मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत, क्षणोक्षणी बदलूनही एकच भासणारी, त्यांच्या बाजूने साक्ष देते. या एका मुद्द्यावर बौद्धांचे पारडे जड आहे. पट्ट्याला एक वस्तू मानून त्याची आतापर्यंतची चाल पुढे रेटली, तर सरळ पुढे सरकणाऱ्या वादळी पट्ट्यांबाबत तासभराचा अंदाज बरा येतो. सरोवरी पट्ट्याबाबत तो फसतो, कारण पट्ट्याला स्वतःची चाल नसतेच. त्याची जागा वारा ठरवतो, आणि वारा उद्या कुठे वळेल हे पट्ट्यात लिहिलेले नसते.

म्हणूनच मोठे निर्णय अनेकदा रडारवर काही उमटण्याआधीच होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या फुटबॉल संघाचा सामना डेट्रॉइटला हलवण्यात आला, तो संगणकीय प्रारूपांच्या भाकितावर. नंतर संघाच्या मैदानाच्या परिसरात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. पण पडला नसता तर? अनुमानाला प्रमाण न मानणारा चार्वाक येथे विचारेल की सर्व काळी आणि सर्व स्थळी व्याप्ती टिकते हे कुणी पाहिले? तो म्हणेल, व्यवहाराला निश्चय लागतच नाही, संभावना पुरते. नैयायिक उदयनाने न्यायकुसुमांजलीत त्याला दिलेले उत्तर मार्मिक आहे: पुढच्या काळी व्यभिचार होईल अशी शंका घेणारा तो पुढचा काळ कोणत्या प्रमाणाने जाणतो? प्रत्यक्षाने तर नाही. म्हणजे शंकेतच अनुमान मान्य झाले. आणि शंकेलाही सीमा आहे. स्वतःच्याच वागण्याशी विसंगत होईपर्यंतच ती घेता येते. बर्फ येणार की नाही हे कधीच कळत नाही म्हणणाराही घरात फावडे आणून ठेवतो.

चार्वाकाचा पराभव मात्र पूर्ण होत नाही. न्यायमतात संभावना म्हणजे एक बाजू जड झालेला संशयच. तिला प्रमाणाच्या पंगतीत जागा नाही. आजचा अंदाजकर्ता सत्तर टक्के शक्यता सांगतो तेव्हा त्याचा अर्थ ठरलेला असतो: असे सत्तर टक्के म्हटलेल्या शंभर प्रसंगांपैकी सुमारे सत्तर वेळा तसे घडले पाहिजे. हा संशय मोजलेला आहे, ताडून पाहता येतो आणि चुकीचाही ठरू शकतो. निश्चय आणि संशय अशी दोनच दालने ठेवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत त्याला घर नाही. ही त्या व्यवस्थेची उणीव मान्य केली पाहिजे.

सामान्य माणसापर्यंत हे सगळे पोहोचते ते मोबाइलवरच्या चित्रातून किंवा हवामान कार्यालयाच्या इशाऱ्यातून. दोन्ही त्याच्यापुरती शब्दप्रमाणाची प्रकरणे आहेत. इतरांनी केलेले अनुमान तो त्यांच्या भरवशावर स्वीकारतो. विषय नीट जाणणारा आणि जसे जाणले तसे सांगू इच्छिणारा तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू, असे वात्स्यायन म्हणतो. या कसोटीवर लेखी इशारा चित्रापेक्षा श्रेष्ठ ठरतो. किरण ढगांवरून निघून गेला असेल, कण वितळत असतील, वारा मध्यरात्री वळणार असेल, तर ते इशारा लिहिणाऱ्याने हिशेबात घेतलेले असते. चित्राला यातले काही सांगता येत नाही. रडारचे चित्र पाहावे, पण सोबतचा मजकूर आधी वाचावा.