घोडा अडतो तेव्हा



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५. (जमल्यास २५, २६ आणि ३४ हे श्लोकही सोबत वाचा.)

काल आपण अर्जुनाच्या तक्रारीपाशी थांबलो होतो. मन चंचल आहे, बलवान आहे, हट्टी आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला बांधून ठेवण्याइतकं अवघड, असं तो म्हणतो. आज भगवंतांचं उत्तर. त्या उत्तराची सुरुवात फार गोड आहे. ते अर्जुनाला रागवत नाहीत. आधी मान्य करतात की बाबा रे, यात शंकाच नाही, मन आवरायला कठीणच आहे. आणि मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच जोडी येते.

पण 'अभ्यास' म्हटलं की आपल्याला परीक्षा आठवते आणि 'वैराग्य' म्हटलं की हिमालय. सकाळी जपाला बसलेल्या, आठ वाजता कंपनीची बस पकडायच्या माणसाने या दोन शब्दांचं करायचं काय? तुमच्यापैकी अनेकांचे मेसेज येतात. 'दादा, माळ घेतली की मन उधळतं. जबरदस्तीने बसवतो. आठ-दहा दिवस चालतं, मग महिनाभर माळेला हातच लागत नाही. माझ्यात भक्तीच नाही का?' हा प्रश्न साधा नाही. या एका वाक्यापाशी कितीतरी जणांची साधना कायमची सुटते. म्हणून आज जरा सावकाश बोलू.

मी मूळचा तुळजापूर तालुक्यातला. आमच्याकडे आई भवानी आहे आणि खंडोबाही. अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा म्हणजे एकच देव, दोन ठाणी. वर्षातला मोठा काळ अणदूरला, उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. घरोघरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक बघा, देव घोड्यावर बसलेला असतो. त्यामुळे घोडा हे आमच्याकडे नुसतं जनावर नाही, देवाचं वाहन आहे.

अशाच एका यात्रेच्या दिवसांत नळदुर्गजवळच्या शेतात एक काका नवं घोडं फेरताना दिसले. ते वरातीसाठी घोडे ठेवतात. घोडं साधारण साडेतीन वर्षांचं. पाठीवर खोगीर, त्यावर त्यांचा मुलगा बसलेला. वाटेत ठिबकचा काळा पाइप आडवा पडला होता. घोडं तिथे येऊन जे थांबलं ते थांबलंच. कान मागे, शेपटी फटाफट, मान वर. मुलाने टाच मारली तर एक पाऊल मागे गेलं.

आता चाबूक निघणार असं मला वाटलं. घोडा शिकवणाऱ्याला आपण मराठीत चाबुकस्वारच म्हणतो ना! पण काकांनी मुलाला खाली उतरवलं. तंग सैल केला. खोगिराखाली हात घालून पाठ चाचपली. मग तोंड उघडून आत बघितलं. एक दुधाचा दात हलत होता आणि लगामाची कडी तिथेच घासत होती. त्यांनी लगाम काढून नुसती म्होरकी घातली.

मी विचारलं, "काका, तुम्ही मारत नाही का?"

ते म्हणाले, "आधी बघायचं दादा, त्याला दुखतंय का. मग बघायचं, भ्यालंय का. मग बघायचं, आपुन काय म्हणतोय ते त्याला कळलंय का. ह्यातलं काहीच नसलं, तरच म्हणायचं खोडी काढतंय. आन् तशी येळ लई कमी येती बगा."

मग ते स्वतः पाइप ओलांडून पलीकडे उभे राहिले. दोरी जराशी ताणली. घोड्याने मान खाली घालून पाइप हुंगला आणि एक पाय पुढे टाकला. त्याच क्षणी काकांनी दोरी सैल सोडली, मान थोपटली. परत जराशी ताणली, दुसरा पाय आला, परत सैल. पाच मिनिटांत घोडं पलीकडे. आणि काका म्हणाले, "बास. आज एवढंच."

"जमलंय तर अजून दोनदा करून घ्या की!" मी म्हणालो.

"नको. चांगल्यावर सोडलं की उद्या तेच ध्यानात ठेवून येतंय."

गीतेचा सहावा अध्याय मी तोवर बऱ्याचदा वाचला होता. पण २५व्या श्लोकात 'हळूहळू' या अर्थाचा शब्द भगवंतांनी लागोपाठ दोनदा का वापरला असावा, ते त्या शेतात उमगलं.

आता काकांचे तीन प्रश्न एकेक करून घेऊ.

पहिला : दुखतंय का? घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडतात, आणि त्याला स्वार व्हायला शिकवतात तेही याच वयात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच वर्षांनंतरही चालू असते. म्हणजे जे आपल्याला 'हट्ट' दिसतं, ते बऱ्याचदा हिरडीतलं किंवा पाठीतलं दुखणं असतं. आपलंही तसंच. रात्री एक वाजेपर्यंत रिलीजचं काम, मग अर्धा तास रील्स, आणि पहाटे साडेचारचा अलार्म. त्या मनाने जपात डुलकी काढली तर ती भक्तीची कमतरता की झोपेची?

दुसरा : भ्यालंय का? घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. पाठीवर काहीतरी येऊन बसणं म्हणजे त्याच्या रक्तातल्या आठवणीत वाघाने झेप घेणं. आपलं मनही शांततेला घाबरतं. डोळे मिटले की दिवसभर टाळलेल्या गोष्टी समोर येतात : आईचं आजारपण, कर्जाचा हप्ता, तुटलेलं नातं. मग ते फोनकडे पळतं. त्याला पाइप हुंगू द्यायला हवा. जपाआधी दोन मिनिटं नुसतं बसा, देवाला सांगा की मला आज कशाची भीती वाटतेय, आणि मग माळ घ्या. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातही हाच सल्ला आहे : घोडा ज्या वस्तूला बुजतो तिला आधी स्वतः हात लावून दाखवा, आणि घोड्याशी रागाच्या भरात कधीच वागू नका.

तिसरा : कळलंय का? 'एकाग्र हो' ही मनाला दिलेली आज्ञा म्हणजे नुसतंच 'सॉफ्टवेअर नीट चालव' असं लिहिलेलं तिकीट. त्यावर कुणी काय काम करणार? मनाला नेमकं काम द्या. अकरा वेळा नाम घ्यायचं आणि प्रत्येक वेळी आपलाच आवाज ऐकायचा. एवढं त्याला कळतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं लाड करणं झालं. देवाच्या कामात एवढी मवाळी कशाला? तर ज्यांनी हा श्लोक सांगितला ते स्वतः कोण होते ते आठवा. ते अर्जुनाचे सारथी होते. घोडे हा त्यांचा रोजचा विषय होता. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाचा दिवस आहे. सूर्यास्ताच्या आत जयद्रथ मारला गेला नाही तर मी अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. यापेक्षा कडक डेडलाइन कुठली असेल? आणि भर रणात घोडे थकले, अंगात बाण रुतलेले. श्रीकृष्णांनी आसूड उगारला नाही. अर्जुन खाली उतरून शत्रूला थोपवू लागला, त्याने बाणाने भूमी भेदून पाणी काढलं, आणि भगवंतांनी घोडे सोडले, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण उपसले, अंग चोळलं, पाणी पाजलं, आणि मगच पुन्हा रथाला जुंपलं. सूर्य चालतच होता. तरीही त्यांना तो वेळ वाया गेलेला वाटला नाही.

मला हा प्रसंग सहाव्या अध्यायावरचं भाष्यच वाटतो. जे घोड्यांशी असे वागले, ते तुमच्या थकलेल्या मनाशी वेगळे वागतील का? आणि हेही लक्षात घ्या, घोडे स्वतःचे बाण स्वतः उपसू शकत नव्हते. मन फार दिवस जखमी असेल, झोप-भूक उडाली असेल, तर मित्राशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. तोही भगवंताचाच हात आहे.

कठोपनिषदात रथाचं प्रसिद्ध रूपक आहे. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. तिथे म्हटलंय की ज्याला समज नाही आणि ज्याचं मन जुळलेलं नाही, त्याची इंद्रियं सारथ्याच्या वाईट घोड्यांसारखी होतात. समज असेल तर चांगल्या घोड्यांसारखी. बघा, घोडे मुळात वाईट होते असं उपनिषद म्हणत नाही. फरक सारथ्याच्या समजेने पडतो. घोडे मारून टाका असंही कुठे म्हटलेलं नाही. घोड्यांशिवाय रथ मुक्कामाला पोचेल कसा?

आता अभ्यास आणि वैराग्य. काकांच्या हातातली दोरी आठवा. दोरी जराशी ताणणं म्हणजे अभ्यास. २६वा श्लोक हेच सांगतो : मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणायचं. किती वेळा, याची मर्यादा नाही. शिक्षेचा उल्लेखही नाही. आणि पाऊल पडताच दोरी सैल सोडणं, ते मला वैराग्य वाटतं. विषयांची ओढ सुटणं हा वैराग्याचा मूळ अर्थ आहेच. पण 'माझा जप छान झाला पाहिजे' ही मूठसुद्धा एक ओढच आहे. मन एक पाऊल आलं की ती मूठ सोडा. लगाम सतत ओढून धरला तर घोड्याचं तोंड निबर होतं, मग त्याला काही जाणवतच नाही. चोवीस तास स्वतःला दोष देणाऱ्या मनाचंही तसंच होतं.

मात्र एक सावधगिरी. दोरी केव्हा सोडायची याला फार महत्त्व आहे. घोड्याने मागचे पाय झाडले आणि स्वार त्याच क्षणी उतरला, तर घोडा काय शिकेल? पाय झाडले की सुट्टी! म्हणून 'आता पुरे, ऊठ' असं मन ओरडेल त्या क्षणी उठू नका. मागणी लहान करा. पूर्ण माळ नको, फक्त पाच नामं. ती शांतपणे होऊ द्या, आणि मग आनंदाने उठा. दुखणं, भीती, गोंधळ यांना मान द्यायचा. उधळण्याला बक्षीस द्यायचं नाही.

ज्ञानेश्वर माऊलींनी सहाव्या अध्यायात मनाचा एक चांगला गुण सांगितलाय. ज्या गोष्टीची गोडी लागते तिथे ते सोकावतं, म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखच दाखवत राहावं. काका दुसरं काय करत होते? पाइपापलीकडे गोडी आहे हे घोड्याला दाखवत होते.

आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यातले, तेरचे गोरोबाकाका. संतमेळाव्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं तपासलं, तेव्हा नामदेव महाराज चिडले, आणि गोरोबाकाकांनी 'हे मडकं कच्चं' असा निवाडा दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. कच्चं मडकं कुंभार फेकून देत नाही, भट्टीत घालतो. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि कुठल्या कुठे पोचले! तुमचं मन आज अडतंय ते नवं आहे म्हणून. 'माझ्यात भक्तीच नाही' हा निवाडा गोरोबाकाकांनीही दिला नसता.

आजची साधना :

१. जपाला बसण्याआधी मनाला तीन प्रश्न विचारा : दुखतंय का? भ्यालंय का? कळलंय का?

२. फक्त अकरा नामं. मन पळालं तर तिथून हळूच परत आणा. 'पुन्हा पळालास?' असं म्हणू नका.

३. चांगलं चाललं असतानाच थांबा. उद्यासाठी थोडी भूक ठेवा.

प्रार्थना : हे पार्थसारथी, माझ्या मनाचे लगाम तुझ्या हातात घे. त्यात रुतलेले बाण तुला दिसतात, मला दिसत नाहीत. ते काढ, पाणी पाज, आणि मग ज्या वाटेने न्यायचं त्या वाटेने ने. मी घाई करणार नाही.

सदानंदाचा येळकोट! राम कृष्ण हरी!