पतंगाचा सत्कार

पंचवीस वर्षं सोसायटीचा खजिनदार राहिलो, म्हणून मागं माझा सत्कार झाला. "पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस" असं म्हणून अध्यक्षांनी शाल घातली. परवा ती शाल पेटीतून काढली, तर तिला कसर लागलेली! कसर म्हणजे एका पतंगाची अळी. तिच्या कुळाचा उद्धार करता करता मला तिच्या एका लांबच्या भाऊबंदाची आठवण झाली. आम्हांला शाल मिळाली, त्याच्या नावानं चक्क सभागृह आहे!

नाव भारदस्त, कॅक्टोब्लास्टिस. देह जेमतेम इंचभर, रंग मळकट. मूळ गाव अर्जेंटिनाकडचं. मादी एकावर एक अंडी अशी रचते, की निवडुंगाचा काटाच वाटावा. नारिंगी अळ्या सहकुटुंब निवडुंगात शिरतात आणि आतला गर फस्त करतात. पंख फुटल्यावर मात्र हा प्राणी अन्नाला शिवत नाही. जन्माचं जेवण बालपणीच उरकलेलं!

ऑस्ट्रेलियात माणसांनी हौसेनं नेलेला फड्या निवडुंग सहा कोटी एकर जमीन बळकावून बसला होता. १९२५ साली या पतंगाची सुमारे ३,००० अंडी तिथं नेली. सात-आठ वर्षांत अळ्यांनी निवडुंग आडवा केला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गाच्या शेतकऱ्यांनी १९३६ साली त्याच्या नावानं सभागृह बांधलं.

पुढं त्याला कॅरिबियन बेटांवरही नेलं, आणि १९८९ साली तो फ्लोरिडात आढळला. तिथंही त्यानं तेच केलं, निवडुंग खाल्ला. पण हा निवडुंग तिथला घरचा, त्यातला काही तर दुर्मीळ. पलीकडं मेक्सिकोत लोक निवडुंगाची भाजी खातात. त्यांच्या झेंड्यावरही तो आहे. झालं! सत्कारमूर्तीचा आरोपी झाला.

आता सांगा, पतंग चांगला की वाईट? ऑस्ट्रेलियात तो समाजसेवेला गेला नव्हता, की फ्लोरिडात दरोडा घालायला. मग पुण्य असतं कशात? कृतीत, हेतूत, की नुसत्या पत्त्यात?

हा प्रश्न मी हिला घातला. शाल उन्हात टाकत ही म्हणाली, "सोसायटीत पै-पैचा हिशेब ठेवलात म्हणून ही शाल. घरातही तोच ठेवलात, म्हणून माझं महाबळेश्वर राहिलं."

मी गप्प. आपण कुठं आहोत, हे पतंगाला बिचाऱ्याला कळत नाही. मला कळायला हरकत नव्हती.

संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन महाबळेश्वरच्या गाडीची वेळ विचारून आलो. भाडं मात्र विचारलं नाही.