शेवटचा हात

एखादी वस्तू मोडली म्हणजे ती कोणी मोडली, हा प्रश्न मनुष्य सर्वांत आधी विचारतो. ती कशी मोडली, हे विचारण्याची सवड त्यास क्वचितच सापडते. फुटलेल्या कपाजवळ जो मुलगा उभा असेल त्यास मार बसतो. कपास तडा केव्हा गेला होता, याची चौकशी कोणी करीत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा येथे एका विहिरीवर या न्यायाचे चोख उदाहरण माझ्या पाहण्यात आले. पंपाचे डिझेल इंजिन उघडावयाचे होते. कित्येक पावसाळे त्यास कोणी हात लावला नव्हता. मिस्त्रीने पान्हा लावून दोनदा जोर केला, आणि बोल्टाचे डोके पान्ह्यात व धड इंजिनात अशी स्थिती झाली. त्याने ते डोके मुकाट्याने मालकाच्या हातावर ठेवले. हरभऱ्याचे पाणी खोळंबले, आणि दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीच्या मजुरीतून कापण्यात आला. जमलेल्या मंडळींस हे सरळ वाटले. मला तितके वाटले नाही.

वास्तविक तो बोल्ट त्या दिवशी तुटलाच नव्हता. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो साचला म्हणजे पाचर ठोकल्याप्रमाणे बोल्ट जखडून जातो. समुद्रावर हाच प्रकार आणखी झपाट्याने होतो. लहान होड्यांच्या मागे बाहेरून जी मोटार अडकवितात (अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास ती बाजारात रूढ केली) तिचे अंग बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे व बोल्ट पोलादाचे असतात. दोन भिन्न धातू व मध्ये खारे पाणी! व्होल्टाने १८०० साली रचलेल्या विद्युत्घटाचाच हा एक भाऊबंद. ॲल्युमिनियम झिजते व त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. दोन्ही धातू स्वभावतः निर्दोष आहेत. दोष आहे तो त्यांच्या सहवासाचा, आणि त्याहून अधिक, तो सहवास वर्षानुवर्षे न तपासणाऱ्याचा.

मग मिस्त्री केवळ निमित्त, असे म्हणून सुटावे काय? 'निमित्त' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. नैयायिकांच्या लेखी घडा घडविणारा कुंभारही निमित्तकारणच आहे, आणि कुंभारास कोणी क्षुल्लक म्हणत नाही. मुरलेल्या हातास बोल्ट फिरत नसून पिळला जात आहे, हे तो तुटण्यापूर्वी बहुधा कळते. ज्या क्षणी ते कळले, त्या क्षणापासून मिस्त्रीची जबाबदारी सुरू झाली. त्यापूर्वीची त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. पान्हा खाली ठेवावा, तेल सोडून रात्रभर थांबावे, हलके ठोके द्यावेत. होडीच्या मोटारीस बाहेरून शेक द्यावा, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते व पकड सुटते. हे सारे मिस्त्रीस ठाऊक असते. परंतु थांबण्याची परवानगी त्याच्यापाशी नसते. ती डोक्यावर उभ्या असलेल्या मालकापाशी असते. घाई एकाची आणि हात दुसऱ्याचा असा प्रकार असेल, तर खर्चाचा मोठा वाटा मी तरी घाई करणाऱ्याच्या नावे लिहीन.

तुटल्यानंतरचे काम अधिक कसोटीचे. उरलेल्या खुंटावर नट वितळवून जोडतात. नाही तर बरोबर मध्यावर छिद्र पाडून उलट आट्यांचे हत्यार आत फिरवितात. हे हत्यार कठीण पण ठिसूळ असते. तेच आत मोडले तर साधे ड्रिल त्यास शिवूही शकत नाही. आणि म्हणूनच एक तिसरा मार्ग नेहमी मोह घालीत असतो: तुटक्या बोल्टावर ग्रीस फासावे, शेजारचे बोल्ट थोडे अधिक आवळावेत, आणि यंत्र चालू करून मजुरी घेऊन चालते व्हावे. तुटलेले डोके हातावर ठेवणाऱ्याची मजुरी जेथे कापली जाते, तेथे हा मार्ग पत्करणारे वाढतील यात नवल ते काय? विहिरीवर त्याने फार तर पाणी गळेल. होडी किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मात्र त्या झाकणाखाली काय दडले आहे, हे तीत बसलेल्यांपैकी कोणासच ठाऊक नसते.