चार आकड्यांतला ‘मी’
नवं कार्ड एटीएममध्ये सरकवायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, हवे ते चार आकडे दोनदा दाबायचे; झाला पिन तयार. शक्यता ०००० ते ९९९९, म्हणजे अवघ्या १०,०००. (त्यातही अनेक जण जन्मसालच निवडतात!) यंत्र ‘तू कोण?’ असं विचारतच नाही. ‘तुला काय ठाऊक आहे?’ एवढंच विचारतं. कार्ड आणि पिन हाती लागलेला चोरही यंत्राच्या लेखी खातेदारच. तेव्हा गुपित ठाऊक असणं म्हणजे ‘मी’ असणं नव्हे. कुणी म्हणेल, गुरुमंत्रही गुप्तच असतो की! खरं आहे, पण श्रीवैष्णव आचार्य रामानुजाचार्यांनी गुरूकडून मिळालेला मंत्र तिरुकोष्टियूरच्या मंदिराच्या गोपुरावरून सर्वांना ऐकवला, असं परंपरा सांगते, आणि त्याने मंत्राचं मोल घटलं असं श्रीवैष्णव मानत नाहीत. पिन मात्र मागच्याने खांद्यावरून पाहिला की बदलावा लागतो. खातेदार तोच राहतो.