घंटा वाजण्यापूर्वीचे कर्तव्य

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अग्निशमन केंद्रात घंटा वाजते. गावात एका घराला आग लागली आहे आणि आत माणसे अडकली आहेत. अधिकारी चालकाला सांगतात, "बंब काढ." चालकाला मात्र ठाऊक आहे की या गाडीच्या पासिंगची मुदत संपली आहे आणि आठवडाभर तिचा ब्रेक नीट लागत नाही. एकीकडे वरिष्ठांची आज्ञा, दुसरीकडे कायदा. त्या चालकाच्या जागी आपण असतो, तर काय केले असते?

हा प्रश्न मला देवनहळ्ळीत भेटला. बेंगळुरूचा विमानतळ आहे, तोच हा भाग. मागच्या हिवाळ्यात एका शिबिराच्या निमित्ताने मी तिथे होतो. भाषांतराची सेवा माझ्याकडे होती आणि पहाटे येणाऱ्या शिबिरार्थींना आणायला गाडीसोबत जाण्याचीही. गाडी चालवणारे काका बेळगावकडचे. पूर्वी ते एका अग्निशमन दलात चालक होते. गाडी सुरू करण्याआधी ते रोज तिच्याभोवती फेरी मारत. टायर, दिवे, ऑइल, शेवटी ब्रेक. एकदा विमान उतरायची वेळ झाली, तरी त्यांची फेरी संपेना. मी घाई करू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाळा, उशीर झाला तर माणसं थांबतील. ब्रेक लागला नाही तर गाडी थांबणार नाही."

विमानतळावर वाट पाहताना त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या बंबाच्या ब्रेकची हवा टिकत नव्हती. त्यांनी साहेबांना सांगितले. उत्तर आले, "आगीला काय ब्रेक दाखवणार आहेस?"

"मग काय केलंत, काका?"

"त्या दिवशी वर्दी आलीच नाही, देवाची कृपा. पण रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून लॉगबुकात लिहून टाकलं. साहेब रागावले. पण गाडी दुरुस्तीला गेली."

शिबिराहून परतल्यावर मी कायदा वाचून पाहिला. बंबाला सगळे माफ असते, असा माझा समज होता. तो अर्धाच खरा निघाला. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार फक्त अग्निशमनासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला परमिट लागत नाही. 2017 च्या वाहनचालन नियमांनुसार तातडीच्या वेळी ती लाल दिवा ओलांडू शकते, वेगमर्यादा मोडू शकते, एकेरी रस्त्यावर उलट दिशेनेही जाऊ शकते. अट एवढीच, की चालकाने पूर्ण काळजी घ्यावी आणि जबाबदारी स्वतःवर घ्यावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर बंबाला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे बंबाची वाट मोकळी करण्यासाठी कायद्याने पुष्कळ केले आहे. पण परमिट माफ झाले म्हणून फिटनेसची तपासणी माफ होत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाल दिवा ओलांडताना चालक वेग कमी करू शकतो, दोन्ही बाजूंना पाहू शकतो, सायरन वाजवू शकतो. तिथे त्याची जागरूकता नियमाची जागा घेते. नादुरुस्त ब्रेकची जागा मात्र कोणतीच जागरूकता घेऊ शकत नाही. बंबात साडेचार हजार लिटर पाणी असेल, तर नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार टन होते. देवनहळ्ळीजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर एवढे वजन वेगात धावत असेल आणि समोर शाळेची बस आली, तर चालकाचा उदात्त हेतू ते वजन अडवू शकणार नाही.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. आजही त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो, कारण त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा अधिकार त्यांना होता. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही जवानाला नाही आणि त्याच्या साहेबालाही नाही.

आता सुरुवातीच्या चालकाकडे परत येऊ. मला वाटते, त्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. कागद संपला आहे की गाडी संपली आहे? गाडी खरोखर धडधाकट असेल आणि केवळ तारीख उलटली असेल, तर त्याने जावे. माणसे वाचवावीत आणि नंतर घडले ते न लपवता सांगून परिणाम सोसावा. ब्रेकच लागत नसेल, तर "साहेब, ही गाडी रस्त्यावर नेता येणार नाही," असे सांगण्याचे धैर्य त्याने दाखवावे. लगेच शेजारच्या केंद्राला कळवावे, मिळेल त्या वाहनातून जवान आणि हत्यारे पुढे पाठवावीत. आज्ञा माणसे वाचवण्यासाठी होती. तिचा हेतू तो अजूनही पाळतो आहे.

हे उत्तर सोपे नाही, हेही मान्य करायला हवे. दुसरी गाडी येईपर्यंत कदाचित उशीर होईल. आतला माणूस वाचणार नाही. नकार देणारा चालक नियमाने बरोबर असला, तरी त्या घरातल्या हाका त्याला आयुष्यभर ऐकू येतील. घंटा वाजल्यानंतर निर्दोष वाट उरतच नाही. ती वाट आठवड्यापूर्वी होती, पहिल्यांदा ब्रेक कमी लागला त्या सकाळी.

कायदाही कधी कधी सरधोपट असतो. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणणारा नियम लागू झाला. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना त्यात सूट आहे. बंबाचे नाव तिथे नाही. कर्नाटकात अग्निशमन दलाच्या जुन्या गाड्यांचा प्रश्न यातून उभा राहिला. बंब वर्षाला फार किलोमीटर धावत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांचा बंब ठणठणीत असू शकतो. तसे असेल, तर उघडपणे सूट मागावी, नव्या गाडीसाठी पैसे मागावेत. गुपचूप जुनी गाडी चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आम्हाला घसारा शिकवतात, तो यासाठीच. वस्तू दरवर्षी थोडी झिजते, म्हणून दरवर्षी थोडी तरतूद ठेवायची. ती ठेवली नाही, तर पंधराव्या वर्षी सगळा भार एका चालकाच्या पायाखालच्या ब्रेकवर येतो.

महाभारतात जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पूर्ण व्हायलाच हवी होती. एक क्षणही वाया घालवण्यासारखा नव्हता. तरीही भर रणांगणात श्रीकृष्णांनी रथ थांबवला, कारण घोडे बाणांनी जखमी झाले होते आणि तहानले होते. अर्जुनाने बाणाने जलाशय निर्माण केला. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजले, चोळले आणि मग रथ पुन्हा जोडला. सारथ्याला प्रतिज्ञेचा विसर पडला नव्हता. ती पूर्ण व्हावी, म्हणूनच तो थांबला.

असाच विवेक देवनहळ्ळीच्या विमानतळासारख्या ठिकाणी रोज वापरात असतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विमानतळाच्या बंबांनी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायचे असते. सर्वांत मोठ्या विमानांच्या श्रेणींसाठी किमान तीन बंब सज्ज लागतात. एखादा बंब दुरुस्तीला गेला आणि संरक्षण कमी झाले, तर विमानतळाला तसे कळवावे लागते. आज आमची श्रेणी खाली आहे, हे वैमानिकांपर्यंत पोहोचते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या सेवेत आपण असे सांगतो का? हातातले काम पेलवत नाही, गाडी ठीक नाही, हिशेब जुळत नाही, प्रकृती साथ देत नाही, हे ठाऊक असूनही "हो, करतो" म्हणणे आपल्याला समर्पण वाटते. अनेकदा ती नुसती भीती असते. आणि आपण आज्ञा देणारे असू, तर "ब्रेक लागत नाही" म्हणणाऱ्याचे तोंड आपण बंद तर करत नाही ना, हेही पाहायला हवे.

आज निजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. आपल्या जबाबदारीतली अशी एक गोष्ट आठवा, जी बिघडली आहे हे आपल्याला माहीत आहे आणि आपण अजून कुणाला सांगितलेली नाही. उद्या सकाळी ती सांगून टाका. घंटा अजून वाजलेली नाही.