खेळातील वध आणि खेळातील वैर

सुशिक्षित कुटुंबांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. घरातील चिरंजीव अभ्यास आटोपून, आणि पुष्कळदा न आटोपताच, मोबाइलवर तासन्‌तास बंदुका चालवीत बसतात. या लटक्या हत्येने त्यांची मने निर्दय तर होत नसतील ना? अमरावतीस काय किंवा अकोल्यास काय, चार पालक एकत्र जमले की हा विषय निघाल्यावाचून राहत नाही. प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु तो ज्या रीतीने मांडला जातो ती रीत आम्हांस सदोष वाटते. बुद्धिबळातही प्यादी मरतात, पण बुद्धिबळाने कोणी क्रूर झाल्याचे ऐकिवात नाही. अठरा अक्षौहिणींच्या संहाराची कथा ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, आणि त्या काही रक्तपिपासू निपजल्या नाहीत. तेव्हा खेळात किती मारले गेले याची मोजदाद करण्यापेक्षा, तो खेळ जय कशाला म्हणतो आणि जिंकणाऱ्याने हरलेल्याशी कोणते नाते ठेवावे असे शिकवितो, हे पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ नावाचा मोबाइलवरील खेळ प्रसिद्ध केला. सिंधुसंस्कृती लयास न जाता विज्ञानयुगापर्यंत पोहोचली असती तर तिचे रूप कसे झाले असते, या कल्पनेवर त्याची उभारणी होती. ‘वीरलोक’ नामक अज्ञात भूमीवर खेळाडू उतरतात, शस्त्रे गोळा करतात, एकमेकांवर चाल करून जातात. रणभूमी क्रमाक्रमाने आकुंचित होत जाते, आणि अखेर जो उरतो तो विजयी. या जातीच्या खेळांस ‘बॅटल रॉयल’ म्हणतात.

या खेळाचा पहिला गुण त्याच्या कल्पनेत आहे. भविष्यकाळ म्हणजे न्यूयॉर्क किंवा टोकियो यांचीच मिरासदारी, असा समज विज्ञानकथांनी आपल्या मुलांत दीर्घकाळ रुजविला. आपल्याही शिल्पाला आणि वेशभूषेला उद्याच्या जगात जागा असू शकते, हे त्यांना दिसणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु येथेच पहिला दोषही लागलेला आहे. पोशाख आपला, पण रणनीती उसनी. ‘बॅटल रॉयल’ हे नाव कौशुन ताकामी या जपानी लेखकाच्या १९९९ सालच्या कादंबरीवरून आले. तीत एक जुलमी सरकार शाळकरी मुलांना बेटावर सोडून एकमेकांना मारावयास भाग पाडते. कादंबरीत जी भयंकर शिक्षा होती, तीच खेळात करमणूक झाली. आपल्या संस्कृतीचे नाव घेणाऱ्या खेळाने मूर्तींचे आकार घेतले; ती संस्कृती शत्रूविषयी काय म्हणत आली, हे मात्र पुरते विचारले नाही.

दुसरी गोष्ट दृष्टीची. नेमबाजीच्या या खेळांत दोन घराणी आहेत. एकात खेळाडूस केवळ आपले हात आणि बंदूक दिसते. त्यास प्रथमपुरुषी म्हणतात. दुसऱ्यात आपलीच आकृती पाठीमागून दिसते, ते तृतीयपुरुषी. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे ‘मी’ हा ‘तो’ होतो. मुंडकोपनिषदातील एका झाडावरील दोन पक्ष्यांची येथे आठवण होते. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. आपल्या कर्माकडे चार पावले मागे उभे राहून पाहणे हा विवेकाचा आरंभ होय, आणि यंत्राने का होईना, ती जागा खेळाडूस मिळते. आपण कोठे उभे आहोत, आपला सोबती कोठे संकटात आहे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळते. सावधपणा आणि सहकार्य हे दोन्ही गुण या दृष्टीने वाढीस लागतात, यात शंका नाही.

तथापि साक्षीची जागा मिळाली म्हणजे साक्षित्व आले असे नव्हे. उपनिषदातील पक्षी पाहतो तो निर्लेपपणे. येथील खेळाडू पाहतो तो घात करण्यासाठी. डोळा आकृतीच्या मागे व वर असल्यामुळे भिंतीआड दडून, स्वतः न दिसता, पलीकडचा शत्रू न्याहाळता येतो. या जातीच्या खेळांवरील हा जुना आक्षेप आहे, आणि तो केवळ कौशल्याचा नसून नीतीचाही आहे. कारण स्वतःस धोका न पत्करता दुसऱ्यास पाहण्याची सवय ही शौर्याची सवय नव्हे. शिवाय आपली आकृती सदैव डोळ्यांपुढे असल्याने ती नटविण्याचा मोह उत्पन्न होतो. फुकट मिळणाऱ्या खेळांतून पोशाखांचा जो मोठा व्यापार चालतो, त्याचे मूळ या मोहात आहे. साक्षी व्हावयास निघालेला आत्मा आरशापुढे जाऊन बसतो!

परंतु खरा विचारणीय भाग याहून पुढे आहे. ‘इंडस’च्या कर्त्यांनी आपल्या खेळासाठी दोन नवे नियम जाहीर केले होते. पहिला असा की, अखेरीस प्रकट होणारे ‘कॉस्मियम’ नावाचे दिव्य द्रव्य जो हस्तगत करील तोही जिंकेल. त्यासाठी शेवटचा प्रतिस्पर्धी मेलाच पाहिजे असे नाही. दुसरा नियम वैराचा. ज्याने आपणांस मारले त्याच्याशी वैर मांडावयाचे, आणि पुढे कधी तो गाठ पडला की त्यास मारून बक्षीस घ्यावयाचे. एकाच खेळातील हे दोन नियम आम्हांस दोन भिन्न धर्मांसारखे वाटतात. पहिला म्हणतो, जय हा प्राप्तीत आहे. दुसरा म्हणतो, जय हा सूडात आहे. पहिला डाव संपताच खेळाडूस मोकळा करतो. दुसरा संपलेला डावही संपू देत नाही.

या दोन धर्मांची कथा आमच्या वऱ्हाडच्या मातीत फार जुनी आहे. वर्धा नदीच्या काठी, आजच्या अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे. तेथून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलाग करून आला आणि हरला. कृष्णाचे शस्त्र उगारलेले होते. रुक्मिणीच्या विनवणीने ते थांबले आणि रुक्मीस जीवदान मिळाले. कृष्णास हवे होते ते प्राप्त झाले होते. वधावाचून जय पुरा होत होता. तरीही कृष्णाने त्याचे केस व मिशा कापून त्यास विद्रूप केले, आणि बलरामाने त्याबद्दल धाकट्या भावास दोष दिला. कृष्णास मारल्यावाचून नगरात पाऊल ठेवणार नाही, अशी रुक्मीची प्रतिज्ञा होती; म्हणून तो भोजकटास राहिला. भातकुली हेच ते भोजकट अशी आमच्याकडे लोकश्रुती आहे. पुढे सोयरीक जुळली, लग्ने झाली, पण वैर विझले नाही. अनिरुद्धाच्या लग्नात रुक्मी द्यूत खेळावयास बसला, त्याने कपट केले, उपहास केला. आणि ज्या बलरामाने पूर्वी त्याची बाजू घेतली होती, त्याच बलरामाच्या हातून तो भर मंडपात मारला गेला. युद्धात वाचलेला पुरुष खेळात मेला! भागवतकारांनी ही कथा सांगताना हिशेब ठेवणाऱ्या वैराचे जे स्वरूप दाखविले, त्याहून स्पष्ट स्वरूप आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, हा सारा खेळ आहे. त्यात एवढा अर्थ शोधण्याचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की, खेळ म्हणूनच त्यात अर्थ आहे. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी ज्या संस्थेचा पाया घातला, ते श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. हुतूतू घ्या, त्यात ‘मेलेला’ गडी पुन्हा उठतो आणि डाव सुटल्यावर मारणाऱ्याच्याच खांद्यावर हात टाकून घरी जातो. कुस्तीत चीत झालेला मल्ल सलामी देऊन आखाडा सोडतो. मातीवरच्या खेळात मरण आहे, पण वैराची वही नाही. मोबाइलच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचा घाम दिसत नाही, श्वास ऐकू येत नाही. म्हणूनच तेथे वही न ठेवण्याची गरज अधिक.

नव्या खेळांतून दयेला जागाच नाही असेही नव्हे. ‘हेलडायव्हर्स २’ या स्वीडनमध्ये रचलेल्या तृतीयपुरुषी खेळात जगभरचे खेळाडू एका पक्षाने परग्रहावरील कीटकांशी व यंत्रांशी लढतात. २०२४ साली त्यांच्यापुढे दोन ग्रहांचा पर्याय ठेवण्यात आला. एक जिंकल्यास नवे सुरुंग मिळणार होते. दुसरा जिंकल्यास एका रुग्णालयातील आजारी बालके वाचणार होती, आणि हाती काहीच पडणार नव्हते. बालके काल्पनिक, लाभ मात्र खेळापुरता खरा. खेळाडूंनी बालकांचा पक्ष घेतला. तेव्हा खेळाच्या प्रमुखांपैकी एकाने खऱ्या बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेस देणगी दिली. ज्या मुलांस आपण निर्दय समजतो, त्यांना दयेची वाट उघडी दिसली तर ती घेतात. दोष हाताचा नसून पुष्कळदा नियमाचा असतो.

सरकारी बंदीने हा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी आली ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने, २०२५ चा कायदा आला तो पैसे लावून खेळण्याविरुद्ध. दोन्ही कारणे योग्य असतील. पण मुलाच्या मनाची राखण हे कायद्याचे काम नव्हे, ते घराचे आहे. आणि घरानेही “किती मारलेस?” असे दरडावून विचारू नये. “जिंकण्यासाठी मारणे भागच होते काय? आणि ज्याने तुला हरविले त्याच्याविषयी खेळ संपल्यावर मनात काय उरले?” हे दोन प्रश्न जेवणाच्या ताटावर सहज विचारावेत. पहिल्याचे उत्तर खेळाची परीक्षा करील, दुसऱ्याचे खेळणाऱ्याची. आणि दुसरे उत्तर “काही नाही” असे येत असेल, तर तो खेळ पुष्कळ दोष असूनही खेळच राहिला असे समजावे.