आधी बॉल वरून बघायला शिका

उभे राहा सगळे. बसायला मी सांगितलेलं नाही.

काल सामना संपल्यावर तुम्ही अकराजण आणि बाहेर बसलेले पाचजण मिळून रेफ्रींच्या अंगावर धावून गेलात. एकाने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, ‘डोळे आहेत का?’ दुसऱ्याने आईवरून शिवी घातली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘पैसे खाल्ले!’ तिन्ही आवाज मी ओळखतो. पंचवीस वर्षं या मैदानावर पोरं घडवतोय. काल पहिल्यांदाच मान खाली घालून गेटाबाहेर पडलो. सामना हरल्याची लाज नाही मला. तुमची वाटली.

आता तुमची तक्रार घेऊ. त्यांच्या विंगरने पास दिला तेव्हा बॉल गोललाइनच्या बाहेर गेला होता, म्हणून गोल खोटा. बरोबर? मोबाइलवर थांबवलेल्या चित्रात बॉल आणि रेषा यांच्यामध्ये हिरवळ दिसते. बरोबर?

इकडे या. हा पाच नंबरचा बॉल. ही मी फरशीवर खडूने मारलेली रेषा. बॉल मी रेषेच्या बाहेर ठेवतो. तू बाजूला गुडघ्यावर बस आणि सांग, मध्ये फरशी दिसते का? दिसते. आता उठ. बरोबर वरून, मान वाकवून बघ. काय दिसतं? बॉलचं पोट रेषेवर आलेलं आहे. बॉलचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे आडवा साधारण 22. जमिनीला टेकतो तो एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापासून पोट चारी बाजूंना 11 सेंटिमीटर बाहेर येतं. ठिपका रेषेच्या बाहेर दहा सेंटिमीटरवर असला तरी बॉल खेळातच असतो. नियमात ‘संपूर्ण बॉलने रेषा ओलांडली पाहिजे’ असं लिहिलंय. ‘संपूर्ण’ हा शब्द तिथे आहे. तुमच्यापैकी किती जणांनी तो वाचलाय? एकाचाही हात वर नाही.

1 डिसेंबर 2022 ला कतारच्या वर्ल्ड कपमध्ये हेच घडलं. जपान विरुद्ध स्पेन. मितोमाने गोललाइनवरून बॉल ओढला, तनाकाने आत ढकलला आणि जपान 2-1 ने पुढे गेलं. व्हीएआरने तपासलं, गोल राहिला. बाजूने काढलेली चित्रं जगभर फिरली आणि कोट्यवधी लोकांनी ठरवून टाकलं की बॉल बाहेर होता. मग बरोबर वरून काढलेला फोटो आला. बॉलची कड रेषेवर होती, अगदी किंचित, पण होती. त्याच रात्री त्याच गटात जर्मनीने कोस्टारिकाला 4-2 हरवलं, तरी गटातून बाहेर पडली. एवढं सगळं त्या किंचित कडेवर लटकलं होतं. तुमच्या मोबाइलवालं चित्र कॉर्नरच्या झेंड्याशेजारून, कमरेएवढ्या उंचीवरून घेतलंय. लाइनमन रेषेवर होते. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त दिसत होतं.

मग तुम्ही म्हणाला, ‘सर, आपल्याकडे व्हीएआर असतं तर?’

व्हीएआर म्हणजे काय, हे तरी माहीत आहे का? स्क्रीन लावलेल्या खोलीत बसलेल्या व्हिडिओ रेफ्रीला ठरावीक बाबतींतच बोलता येतं: गोल, पेनल्टी, लाल कार्ड, चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, अशा. तेही चूक ढळढळीत असेल किंवा मोठी गोष्ट नजरेतून सुटली असेल तेव्हाच. मधल्या मैदानातला फाउल, थ्रो-इन कुणाचा, असल्या सगळ्या गोष्टींत तुम्ही दर शनिवारी रात्री ‘व्हीएआर झोपलंय का’ म्हणून बोंबलता. ते झोपलेलं नसतं. त्याला तिथे हात घालायची परवानगी नसते.

आणि कॅमेरा सगळं सांगतो, हा तुमचा भ्रम आहे. 2018 च्या वर्ल्ड कप फायनलला पेरिसिचच्या हाताला बॉल लागला. रेफ्री पिटाना मॉनिटरपाशी गेले, बघितलं, निघाले, परत वळून पुन्हा बघितलं, मग पेनल्टी दिली. ग्रीझमनने ती मारली. बॉल हाताला लागला हे कॅमेऱ्याने दाखवलं. हात तिथे असणं स्वाभाविक होतं की नाही, हे ठरवायचं होतं पिटानांना. यावर आजही जाणकारांची दोन मतं आहेत. स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात मुद्दाम पुढे केल्यासारखा वाटतो, प्रत्येक टॅकल पाय मोडणारा वाटतो. म्हणून नियमावलीच सांगते की बॉल कुठे लागला, फाउल कुठे झाला असल्या गोष्टींपुरतंच स्लो मोशन बघा. धक्का किती जोराचा होता हे नेहमीच्या वेगातच जोखा. तुम्ही मात्र एका रीलवर दहादा हळूहळू बघून कार्डाचा रंग ठरवता.

ऑफसाइडचंही तेच. साध्या कॅमेऱ्याची सेकंदाला 50 चित्रं धरा. धावता खेळाडू सेकंदाला 9 मीटर गेला तर दोन चित्रांच्या मध्ये 18 सेंटिमीटर पुढे जातो. गणित तुम्हाला येतं, मीच बघितलंय तुमचं प्रगतिपुस्तक. मग थांबवलेल्या एका चित्रावर रेघ ओढून ‘दोन बोटं ऑफसाइड’ कसं म्हणता? कतारमध्ये म्हणूनच बॉलमध्ये सेकंदाला 500 वेळा नोंद घेणारा सेन्सर बसवावा लागला.

यंत्राच्या मागेही माणूसच असतो. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला, लाइनमनने ऑफसाइड दिला. गोल खरा होता. व्हीएआरच्या खोलीतल्या माणसांना चित्र नीट दिसलं, ओळी नीट पडल्या. पण मैदानावर गोल दिलाय, अशी त्यांची समजूत झाली, म्हणून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं. मैदानात त्याचा अर्थ उलटा लागला आणि खेळ सुरू झाला. काही सेकंदांत चूक लक्षात आली, खेळ थांबवा असं एकाने सुचवलंही. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर असा निर्णय फिरवता येत नाही. लिव्हरपूल 2-1 हरलं. निर्णय शंभर टक्के चुकीचा होता आणि त्यावर बोलायचा प्रत्येकाला हक्क होता. लोक बोलले, म्हणून खोलीतलं संभाषण जाहीर करावं लागलं, चूक कुठे झाली ते सगळ्यांना ऐकता आलं. 2010 च्या वर्ल्ड कपला ब्लूमफाँटेनमध्ये लॅम्पार्डचा बॉल क्रॉसबारला लागून चांगला आत पडला होता आणि गोल दिला गेला नव्हता. त्या वादातूनच गोललाइन तंत्रज्ञानाला जोर आला आणि 2014 च्या वर्ल्ड कपला ते आलं. मी वादाच्या विरुद्ध नाही. असा वाद मला तुमच्याकडून हवाय.

पण तुमचा वाद कसा असतो? लिव्हरपूलवाला डियाझच्या गोलाचं सेकंद न् सेकंद सांगतो, आणि स्वतःच्या संघाला फुकटची पेनल्टी मिळाली की ‘खेळाचा भाग आहे’ म्हणतो. काल पहिल्या हाफमध्ये आपल्या बॅकच्या कोपराला बॉल लागला. रेफ्रींची पाठ होती, त्यांना दिसलं नाही. तुम्हा सोळाजणांना दिसलं होतं. मलाही दिसलं. तेव्हा कुणी मोबाइल घेऊन गेला का त्यांच्याकडे? मीही बोललो नाही. माझी चूक मी त्यांच्या घरी जाऊन कबूल केली आहे.

कर्णधाराने तर ‘मैदान सोडतो’ म्हणून सगळ्यांना बाहेर बोलावलं. 3 मार्च 2023 ला बंगळुरूत केरळ ब्लास्टर्सने हेच केलं. बंगळुरूच्या छेत्रीने भिंत लागायच्या आत फ्री-किक मारली, गोल दिला गेला, प्रशिक्षकाने संघ बाहेर काढला. तो गोल द्यायला हवा होता की नको, यावर माझ्याही मनात शंका आहे. पण बाहेर गेल्यावर त्यांची बाजू कुणी ऐकायची? गोल राहिला, बंगळुरू पुढे गेलं, क्लबला 4 कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकावर 10 सामन्यांची बंदी आली.

आता नीट ऐका, कारण यापुढचं मला एकदाच सांगायचंय. 2 डिसेंबर 2012. हॉलंडमधलं आल्मेरे. पोरांचा सामना, तुमच्याच वयाची पोरं. लाइनमन म्हणून उभा होता तो एका खेळाडूचा बाप, वय 41, हौसेने झेंडा धरणारा. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. पुढे सहा पोरांना आणि एका खेळाडूच्या बापाला शिक्षा झाली. ती पोरं घरून निघाली तेव्हा कुणाला मारायला निघाली नव्हती, खेळायलाच निघाली होती. काल तुम्ही ज्या घोळक्याने पुढे सरकलात, त्यात मागच्याने पुढच्याला ढकललं आणि पुढच्याचा हात रेफ्रींच्या छातीला लागला. मी मध्ये पडलो तेव्हा माझा शर्ट फाटला. एवढंच अंतर राहिलं होतं.

ते रेफ्री सकाळची पाळी करून, डबा न खाता आले होते. त्या उन्हात तुमचा सामना हा त्यांचा तिसरा होता. मानधन किती मिळतं ते विचारा, म्हणजे ‘पैसे खाल्ले’ म्हणणाऱ्याला स्वतःचीच शरम वाटेल. या कोल्हापुरात भर उन्हात हजारो माणसं शाहू स्टेडियमवर बसतात, पेठापेठांत फुटबॉलवर जीव टाकणारी घरं आहेत. पण शिट्टी वाजवायला पोरगा शोधा म्हटलं तर कुणी पुढे येत नाही. तुमच्यासारख्यांमुळे येत नाही.

आजपासून दोन आठवडे सरावाच्या आधी अर्धा तास नियम वाचायचे, मोठ्याने, एकेकाने. ऑफसाइड, हँडबॉल, फाउल, बॉल खेळात की बाहेर. प्रत्येक नियमाला मैदानावरचा एक प्रसंग सांगायचा, आणि तोच प्रसंग जर्सीचे रंग उलटे करून पुन्हा सांगायचा. उत्तर बदललं तर त्या दिवशी बॉलला पाय लावायचा नाही.

शनिवारी चौदा वर्षांखालच्या पोरांचे चार सामने आहेत. लाइनमन तुम्ही. झेंडे माझ्या टेबलावर ठेवलेत, दोघादोघांनी वाटून घ्या. मोबाइल माझ्याकडे जमा करायचा.

आणि ज्याने शिवी घातली, ज्याने मोबाइल धरला आणि जो मागून ओरडला, ते तिघे आज संध्याकाळी सहाला शाळेच्या गेटापाशी थांबतील. रेफ्रींना मी सांगून ठेवलंय की पोरं येतायत. मी बरोबर असेन, पण माफी तुम्ही मागायची आहे.